बाईंनी न दिलेलं उत्तर

आमच्या मंडळीत उपासनेच्या शेवटी साक्ष द्यायची पद्धत आहे. कुणी उठून सांगतं, प्रभूने मला नोकरी दाखवली. कुणी सांगतं, प्लॉट घ्यावा की नाही यासाठी उपास धरला आणि उत्तर आलं. अशा साक्षी मी लहानपणापासून ऐकत आले आहे आणि त्यांतल्या पुष्कळ खऱ्या आहेत असं मी मानते. पण देवाच्या मार्गदर्शनाने रोजचा दिवस कसा जगायचा हे मला ज्यांच्याकडून कळलं, त्या बाईंच्या साक्षीत असलं काही नसायचं. त्या उभ्या राहायच्या, पदर सावरायच्या आणि "या आठवड्यात प्रभूने मला एका आजारी माणसाच्या घरी नेलं. तिथे पाणी भरून दिलं. सर्वांना सलाम," एवढं बोलून खाली बसायच्या. पाळकसाहेबांना पुढचं गीत काढायलाही वेळ मिळायचा नाही.

बाई नात्याने आमच्या कुणी नव्हत्या. नेवासे तालुक्यातल्या खेड्यांत मिशनच्या प्राथमिक शाळांवर त्यांची उमेदीची वर्षं गेली आणि निवृत्त झाल्यावर त्या नगरला, आमच्या मिशन कंपाउंडातल्या ओळीच्या टोकाच्या खोलीत राहायला आल्या. नगर म्हणजे आताचं अहिल्यानगर. अमेरिकन मराठी मिशनचं काम इथे १८३१ सालापासूनचं, आणि फर्स्ट चर्चची मंडळी १८३३ ची. सिंथिया फरार यांनी इथेच मुलींची शाळा चालवली आणि सावित्रीबाई फुले अध्यापनाचं शिक्षण घ्यायला त्यांच्याकडे आल्या. त्यामुळे आमच्या वस्तीत 'बाई' म्हटलं की शिक्षिका, आणि शिक्षिका म्हटलं की मानाचं माणूस. कंपाउंडात इतरही शिक्षिका होत्या, त्यांना नावाने किंवा आडनावाने ओळखत. नुसत्या 'बाई' या एकच.

आमच्या घरात माणसं पुष्कळ आणि खोल्या दोन. म्हणून मी पहाटे अभ्यासाला बाईंकडे जायचे. त्या माझ्याआधी उठलेल्या असत. स्टोव्हला पिन मारून, पंप करून चहाचं आधण ठेवलेलं असे. चहा झाला की कोनाड्यातलं, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं पवित्र शास्त्र काढत, एखादा अध्याय वाचत आणि मग काही न बोलता बसून राहत. माझं भूमितीचं प्रमेय एकीकडे चालू असे, पण लक्ष त्यांच्याकडेच. बऱ्याच वेळाने त्या शाळेतल्या मुलांची असते तशी चाळीस पानी वही ओढत आणि तारखेपुढे एक नाव लिहीत. एकच. दुसऱ्या दिवशी त्या नावापुढे दोन-चार शब्द पडत. 'पत्र लिहून दिले.' 'भेट झाली नाही.' 'ताप उतरला.' 'रागावली. पुन्हा जाणे.'

मी एकदा विचारलं, "बाई, प्रभू नाव सांगतो म्हणजे कसं? आवाज येतो का?"

"आवाज कुठला येतोय?" त्या म्हणाल्या. "काल कुणाचं तरी तोंड उतरलेलं बघितलेलं असतं. दिवसभराच्या गडबडीत ते विसरतं. पहाटे गप्प बसलं की आठवतं. ती आठवण त्याने करून दिली असं मी धरून चालते. समज, नसेल त्याने करून दिली. तरी काय बिघडलं? कुणाच्या तरी दारात जाऊन आले, एवढंच ना?"

पुढे मार्गदर्शनावर मी पुष्कळ प्रवचनं ऐकली, पुस्तकंही वाचली. या उत्तराइतकं निर्भय उत्तर मला कुठे मिळालं नाही. देवाचा आवाज ओळखण्यात आपण चुकलो तर, ही भीती भल्याभल्यांना गप्प बसवते. बाईंनी ती भीती काढूनच टाकली होती. त्यांनी आपला प्रश्न असा ठेवला होता की चुकीचं उत्तर मिळालं तरी त्यातून दुसऱ्याचं भलंच व्हावं. 'माझं पुढे काय होणार?' असं त्या विचारतच नसत. त्या विचारत, 'आज कोण?'

ही शिस्त त्यांनी केडगावहून आणली होती. बाई अनाथ. पंडिता रमाबाईंच्या मुक्ति मिशनमध्ये वाढलेल्या. रमाबाई १९२२ च्या एप्रिलमध्ये गेल्या तेव्हा बाई लहानच होत्या. त्यांना आठवायचं ते पांढरं पातळ आणि प्रार्थनेची घंटा. पण त्यांना वाढवलं ते दुष्काळातून आलेल्या मुलींनी. त्या मुली तोवर प्रौढ झाल्या होत्या, आणि त्यांतल्या एका मावशींनी मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवले होते. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून स्वतः केलेलं पवित्र शास्त्राचं भाषांतर त्याच छापखान्यात मुलींच्या हातांनी छापलं गेलं आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली, बाहेर पडलं. मावशी बाईंना सांगायच्या, वाक्य उलटं जुळवावं लागतं, म्हणून अक्षर न् अक्षर बघावं लागतं.

रमाबाईंची एक गोष्ट आमच्याकडे फार सांगितली जाते. १८९६ साली लोणावळ्याच्या शिबिराला त्या आपल्याबरोबर विश्वासात आलेल्या पंधरा मुली घेऊन गेल्या होत्या. तिथे त्यांनी प्रार्थना केली की प्रभो, या पंधरांचा वर्ग कर, दोनशे पंचवीस दे. एवढ्या मुली कुठून येणार याचा पत्ता नव्हता. आणि त्याच सुमारास मध्य प्रांतात दुष्काळ पडला. सांगणारे या आकड्यावर थांबतात, आणि आकडा खराच थक्क करणारा आहे. बाईंना मात्र मावशींनी ही गोष्ट आधीपासून सांगितली होती. १८७४ साली मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात रमाबाईंचे वडील गेले, आई गेली, मागोमाग थोरली बहीण गेली. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या. पाण्यावर आणि झाडपाल्यावर दिवस काढणं म्हणजे काय हे त्यांच्या अंगावरून गेलेलं होतं. त्यामुळे मध्य प्रांताच्या बातम्या आल्या तेव्हा त्यांना दृष्टांताची वाट पाहावी लागली नाही. त्या उठल्या आणि मुली आणायला गेल्या. पुण्यात प्लेग आला, इतक्या मुली शहरात ठेवण्यावर बंधनं आली, तेव्हा केडगावला घेऊन ठेवलेल्या माळावर सगळ्यांना हलवलं. आज मुक्ति मिशन आहे ते त्या माळावर.

"भूक ओळखीची होती, म्हणून हाक ओळखू आली," असं बाई म्हणायच्या. आपलं जे दुखलेलं असतं तिथूनच देव आपल्याशी बोलतो, असा त्यांचा ठाम विश्वास होता. माझ्या बाबतीतही तसंच झालं.

१९७५ साली मी अकरावी पास झाले. त्या वर्षी जुन्या अकरावीची शेवटची आणि नव्या दहावीची पहिली अशा दोन तुकड्या एकदम बाहेर पडल्या होत्या. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्सिंगला अर्ज करावा असं माझ्या मनात होतं. त्याच सुमारास मंडळीतले एक वजनदार वडील, म्हणजे एल्डर, आमच्या घरी आले. त्यांच्या नात्यात मुलगा होता, चांगली नोकरी होती. ते माझ्या वडिलांना म्हणाले, "मी प्रार्थनेत होतो. प्रभूने मला तुमची मुलगी त्या घरात उभी असलेली दाखवली." आईच्या डोळ्यांत पाणी आलं. वडील सुतारकाम शिकवणारे, देवभिरू, फार न बोलणारे. प्रभूने दाखवलं म्हटल्यावर नाही कुणाला म्हणायचं? माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. मी त्या खोलीत असून नसल्यासारखी झाले.

मी बाईंकडे गेले. म्हटलं, "बाई, तुम्ही विचारा ना प्रभूला. तुमचं तो ऐकतो. मला फक्त काय ते सांगा."

"तुझं विचारणं मी कसं विचारू गं पोरी?" त्या म्हणाल्या आणि त्यांनी पहिलं शमुवेल काढलं, तिसरा अध्याय.

तो अध्याय मला संडे स्कूलपासून पाठ होता. लहान शमुवेलाला रात्री हाक येते, एली याजकाने हाक मारली असं वाटून तो त्याच्याकडे धावतो, असं पुन्हा पुन्हा होतं. बाईंनी मला शमुवेलाकडे बघायला सांगितलंच नाही. म्हणाल्या, एली काय करतो ते बघ. एवढा मोठा याजक. 'थांब, मी ऐकून तुला सांगतो' असं म्हणाला का तो? नाही. पोराला परत झोपायला पाठवलं, आणि पुन्हा हाक आली तर काय उत्तर द्यायचं ते शिकवलं. ऐकायचं ज्याचं त्याने. आणि निरोप काय आला? खुद्द एलीच्या घराविरुद्ध. सकाळी एलीने तो निरोप पोराकडून काढून घेतला आणि मान खाली घालून मान्य केला. "वडीलधाऱ्या माणसाने असं असावं," बाई म्हणाल्या. "लेकराला देवापुढे बसवायचं आणि बाजूला व्हायचं. जे येईल ते आपल्याविरुद्ध आलं तरी ऐकून घ्यायचं."

मग त्यांनी मला रोज पहाटे स्वतःशेजारी बसवलं. अभ्यासाचं पुस्तक नाही, नुसतं बसायचं. त्यांनी मला दोन गोष्टी विचारल्या होत्या. लग्नाचा विचार केलास की भीती वाटते का, आणि वाटत असेल तर नेमकी कशाची? आणि नर्सिंगचा विचार केलास की डोळ्यांपुढे कोण येतं, तू की आजारी माणूस? मी खरं तेच सांगितलं. पांढऱ्या टोपीतली मीच दिसते म्हटलं. बाई रागावल्या नाहीत. "बरं. तेही खरंच आहे. आणखी बस," एवढंच म्हणाल्या.

आणि बसता बसता मला बहात्तर साल आठवलं. त्या दुष्काळात नगर जिल्हा होरपळला होता. विहिरींनी तळ दाखवला, रेशनवर लाल मिलो यायचा, आणि माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. बाई कामावरच्या बायकापोरांना सुकडी वाटायला जात, तेव्हा मीही डबा धरून बरोबर असे. एके दुपारी दिवस भरलेली एक खडी फोडणारी खडीच्या ढिगाऱ्याशेजारी बसली ती उठलीच नाही. भोवती बायका जमल्या, पण काय करायचं ते कुणालाच माहीत नव्हतं. बाईंनी तिला बाभळीच्या सावलीत निजवलं, मला तिचा हात धरायला सांगितला आणि त्या गाडी शोधायला धावल्या. तिच्या तळहाताला इतके घट्टे होते की हात हातात धरल्यासारखा वाटतच नव्हता. तिने माझी बोटं आवळून धरली होती आणि ती मला विचारत होती, "पोरी, तुला काय येतंय का गं करायला?" मला काही येत नव्हतं.

गाडी मिळाली, तिला दवाखान्यात नेलं. पुढे काय झालं ते आम्हाला कळलं नाही. तीन वर्षं मी हा प्रसंग कुणापाशी बोलले नव्हते. त्या पहाटे बाईंना म्हटलं, "मला ती खडी फोडणारी दिसते." बाईंनी वही मिटली आणि म्हणाल्या, "चल, तुझ्या वडिलांकडे जाऊ."

त्या आमच्या घरी काय बोलल्या ते मला शब्दशः आठवतं, कारण दाराआड उभी राहून मी ते श्वास रोखून ऐकलं होतं.

"भाऊ, तुमच्या मुलीने प्रार्थना केली आहे. तिचं ऐकून घ्या. मला काय वाटतं ते विचारलंत तर सांगेन, पण ते माझं मत असेल, प्रभूचा शब्द नव्हे."

"बाई, पण त्यांना प्रभूने दाखवलंय म्हणतात."

"त्यांना दाखवलं असेल, मी नाही म्हणत नाही. पण हिला अजून दाखवलेलं नाही. हिला दाखवीपर्यंत थांबायला प्रभूला काय अडचण आहे?"

वडील बराच वेळ पायाच्या अंगठ्याने जमीन टोकरत बसले. मग त्यांनी मला आत बोलावलं आणि आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, "तुला काय वाटतं?"

मी मिरजेला गेले. ते एल्डर पुढे कित्येक महिने बाईंशी बोलत नव्हते. त्यांचं नाव वहीत किती वेळा आलं ते मी सुट्टीत आले की पाहत असे. पुढे तेच शब्द, 'रागावले. पुन्हा जाणे.' त्यांच्या पत्नी अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांची वेणीफणी करायला बाईच जात होत्या.

बाईंनी मला नंतर लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' दिली. आमच्या नगरशी टिळक दांपत्याचं नातं जवळचं, आणि रेव्हरंड टिळकांची पदं तर आम्ही 'उपासना संगीता'तून दर रविवारी गातो. राजनांदगावच्या वाटेवर आगगाडीत भेटलेल्या एका अनोळखी गृहस्थाने टिळकांना नवा करार दिला, आणि पुढे दोन वर्षांच्या आत, १० फेब्रुवारी १८९५ रोजी, त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. ही मार्गदर्शनाची गोष्ट म्हणून आमच्याकडे प्रसिद्ध आहे. बाईंनी मला तीच गोष्ट लक्ष्मीबाईंच्या बाजूने वाचायला लावली. टिळकांना जे दिसलं ते लक्ष्मीबाईंना दिसलेलं नव्हतं. त्यांच्यावर आभाळ कोसळलं. त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या, परत आल्या तरी आपलं सोवळं घेऊन आल्या, आणि १९०० साली त्यांनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. टिळकांचं प्रेम आणि त्यांची धडपड कितीही मोठी असली, तरी लक्ष्मीबाईंची वाट त्यांना चालता आली नाही. ती लक्ष्मीबाईंनाच चालावी लागली, आणि म्हणूनच ती त्यांची झाली. टिळकांबद्दल मला अपार आदर आहे. पण मार्गदर्शनाविषयी मला काही शिकायचं असेल तर मी लक्ष्मीबाईंकडे जाते.

मिरजेचं हॉस्पिटल डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली सुरू केलेलं. कर्नाटकातूनही पेशंट यायचे. वॉर्डात अर्धं मराठी, अर्धं कानडी. नातेवाईक आवारात तीन दगडांची चूल मांडून स्वयंपाक करत. मी बाईंची वही तिथे सुरू केली, फक्त नावाच्या जागी खाटेचा नंबर लिहायचे. एका कानडी आजीच्या ताटातलं अन्न रोज संपायचं, तरी वजन घटत होतं. चार्ट भरताना त्यात काही सापडेना. पहाटे गप्प बसले तेव्हा तिची खाटच आठवली, म्हणून ड्यूटी संपल्यावर स्टूल ओढून तिच्याजवळ बसले. मला कानडी जेमतेम येत होतं. तिने माझ्याकडे बघत उशी थोडी उचलली. खाली भाकरीचे तुकडे होते, त्यांना मुंग्या लागल्या होत्या. तिचा आठ-नऊ वर्षांचा नातू व्हरांड्यात झोपत होता. बरोबर दुसरं कुणी आलेलंच नव्हतं. आपल्या वाटचं ती त्याला देत होती. त्या दिवसापासून पोरालाही जेवण मिळालं आणि आजीचं वजन वाढू लागलं. याला कुणी चमत्कार म्हणणार नाही. मी मात्र याला देवाने वाट दाखवणं म्हणते आणि दुसरं काही म्हणायला तयार नाही.

होस्टेलवरची माझी जोडीदारीण वसईची, कॅथलिक. ती रात्री झोपण्याआधी सगळा दिवस देवापुढे आठवून बघायची. कुठे त्याचा हात होता, कुठे आपण तो सोडला. ही पद्धत संत इग्नेशियस लोयोला यांची, असं तिने मला सांगितलं. मन खचलेलं असताना आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही, हा त्यांचाच दंडक. पहिल्या वर्षी घर आठवून मी ट्रंक भरायला घेतली होती तेव्हा तिने मला तो ऐकवला. बाईंची पहाट आणि तिची रात्र, मला दोन्हींचा उपयोग झाला.

पहिल्या पगारातून बाईंचे पैसे परत करायला गेले. माझी फी, ट्रंक, पांढऱ्या साड्या, सगळं त्यांनी पोस्टातल्या बचतीतून केलं होतं. त्यांनी पाकीट हातात घेतलं, त्यावर वस्तीतल्या दुसऱ्या एका मुलीचं नाव लिहिलं आणि माझ्याच हातात परत दिलं. ती मुलगी पुढच्या वर्षी नर्सिंगला गेली.

खुणा आणि चिन्हं मागणाऱ्यांना बाईंनी कधी हिणवलं नाही. एकतीस डिसेंबरच्या रात्री आमच्याकडे वचनाची कार्डं वाटतात, आपल्याला आलेलं वचन वर्षभर जपायचं. बाईही कार्ड घेत आणि ज्याला गरज आहे असं वाटे त्याला देऊन टाकत. गिदोनाने खूण मागायला मांडलेल्या लोकरीविषयी विचारलं तर म्हणत, त्याला काय करायचं ते आधीच सांगितलेलं होतं. लोकर त्याने मांडली ती भीतीपोटी, आणि देवाने त्याची भीती सांभाळून घेतली. आपलीही घेतो.

पुढे माझं लग्न झालं, माझ्या मनाने झालं. ऐंशीच्या दशकात आखाती देशांतून नर्सेसना बोलावणी येऊ लागली. मलाही आलं. पगार इथल्या कितीतरी पट, घरावर कर्ज, आणि सासूबाई अर्धांगाने पडलेल्या. मी प्रार्थना केली, उपास केला, पहाटे बसले. काहीही आलं नाही. इतकी वर्षं आठवण करून देणारा एकाएकी गप्प झाला म्हणून मी घाबरले आणि बाईंना पत्र टाकलं. उत्तर पोस्टकार्डावर आलं. त्यांनी लिहिलं होतं की उत्तर येत नसेल तर कदाचित दोन्ही वाटा चांगल्या असतील. पौलाला आशियात जाऊ दिलं नाही, बिथुनियात जाऊ दिलं नाही, आणि कारणही सांगितलं नाही, तरी तो त्रोवसपर्यंत चालतच राहिला. घरातल्यांशी बोल, मागे राहील त्याचं कोण बघणार ते आधी ठरव, आणि मग जा किंवा राहा. प्रभू दोन्हीकडे आहे.

आम्ही सगळे बसून बोललो आणि मी राहिले. माझ्याबरोबरची मैत्रीण गेली. तिने तिकडून भावंडांची शिक्षणं केली. बाई आम्हा दोघींसाठी सारख्याच आनंदाने प्रार्थना करत. मी राहिले म्हणून मला जास्त आज्ञाधारक ठरवणं त्यांच्या मनातही आलं नाही.

बाईंच्या स्वतःच्या एका प्रश्नाचं उत्तर मात्र त्यांना शेवटपर्यंत मिळालं नाही. त्यांना मुक्तीत आणून सोडलं तेव्हा एक धाकटा भाऊ बरोबर होता. त्याला दुसरीकडे नेलं, कुठे ते कळलं नाही. वहीच्या पहिल्या पानावर दर वर्षी त्याचं नाव असायचं, आणि पुढची जागा कोरी. मी त्यांना एकदा म्हटलं, देवाने एवढं तरी सांगायला हवं होतं. त्या म्हणाल्या, "हवं होतं." त्यापुढे त्यांनी काही जोडलं नाही, देवाची बाजूही घेतली नाही. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्या नेहमीसारख्या बसल्या. त्यांच्या विश्वासाचा मला सगळ्यात जास्त आधार वाटतो तो या एका उत्तरामुळे.

१९९४ साली त्या गेल्या. शेवटचे दिवस मी रजा घेऊन त्यांच्याजवळ होते. वह्यांची चळत त्यांनी माझ्याकडून जाळून घेतली. त्यांत लोकांची दुःखं होती, ती कुणाच्या हाती पडू नयेत म्हणून. नाहीतर आज मी ती पानं छापून दाखवली असती. पण त्यांचं म्हणणंच बरोबर होतं.

आता मीही निवृत्त होऊन नगरला आले आहे. मंडळीतल्या मुली माझ्याकडे येतात आणि म्हणतात, मावशी, तुम्ही प्रार्थना करून सांगा. मी त्यांना शेजारी बसवते. बाईंचं देणं फेडायची दुसरी रीत मला माहीत नाही. आमच्या मंडळ्यांमधल्या पाळकांना, वडीलधाऱ्यांना आणि आईबापांना माझी हात जोडून विनंती आहे. एखाद्या मुलाबद्दल किंवा मुलीबद्दल तुम्हाला स्वप्न पडलं, दृष्टांत झाला, मनात खात्री आली, तर ती आधी आपल्यापाशी ठेवा. त्या लेकराला प्रार्थनेला बसायला वेळ द्या, एकांत द्या. आणि ते उठून जे सांगेल ते तुमच्या मनाविरुद्ध असलं, तरी पूर्ण ऐकून घ्या.